पालथा पेला

गेल्या महिन्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनासाठी नवे पेले आले. काचेचे, अंगठ्याएवढे, लाकडी तबकात भोकं पाडून बसवलेले. ज्याला त्याला आपला वेगळा. रोगराईच्या दिवसांत हेच बरं, असं सगळ्यांचं मत पडलं आणि ते काही चूक नाही. मंडळीतला जुना माणूस म्हणून त्या तबकापुढं उपकारस्तुतीची प्रार्थना मी करावी असं ठरलं. मी उभा राहिलो, डोळे मिटले, आणि तोंडातून शब्द निघेना. लोकांना वाटलं, मास्तर गहिवरले. एका बाईनं डोळ्याला पदरही लावला.

मी गहिवरलो नव्हतो. मला हन्नाबाई आठवली होती, आणि माझी मान वर होत नव्हती.

तिच्याविषयी आजवर मी पुष्कळ बोललो आहे. सभांतून, मुलांच्या वर्गातून, जुन्नरहून बदलून जाणाऱ्या पाळकांना निरोप देताना. तिचे विनोद सांगून मी लोकांना हसवलं आहे. एक गोष्ट तेवढी दर वेळी गिळली. ती आज लिहितो.

हन्नाबाई मूळची शिनोलीची. तिकडच्या महारवाड्यात तिला हौसा म्हणत. बाप्तिस्मा घेताना हन्ना झाली. ती दोन्ही नावांना ओ देई. नवरा गेनू मोठ्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर गेला आणि तिथंच पटकीनं वारला. ती चालत जुन्नरला आली, मिशनच्या अन्नछत्रात जेवली आणि पुढं ख्रिस्ती झाली. यावरून बाजारात तिला कुणी ना कुणी टोचायचंच.

"काय हौसा, भाकरीसाठी देव बदलला म्हनं?"

"व्हय," ती म्हणे, "भाकरीसाठीच आली. पर पोट भरल्यावर उठून गेली न्हाई, ते बी सांगा की लोकास्नी."

अंगानं किडकिडीत, पायात कधी वहाण नाही, आवाज मात्र शेताच्या पार बांधापर्यंत जाणारा. वाड्यावस्त्यांवर बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायचं काम मिशननं तिला दिलं होतं. अक्षर एक येत नव्हतं. म्हणून दुपारची शाळा सुटली की ती माझ्या ओट्याच्या पायरीवर येऊन बसायची आणि मी तिला वाचून दाखवायचो. पण तिची एक अट असे.

"गोष्ट ऱ्हाऊ द्या, मास्तर. गोष्टी मला ठाव्या हाईत. त्यो काय देनार म्हनलाय तेवढं वाचा."

मग मी वचनं शोधून वाचायचो. टाकणार नाही, सोडणार नाही, अश्रू पुसीन, मेलेल्यांना उठवीन. ती डोळे मिटून, ओठ हलवत ऐके आणि प्रत्येक वचनाला एकच प्रश्न विचारी. "ह्ये कुनासाठी हाय?" मी म्हणे, "विश्वास ठेवणाऱ्या सगळ्यांसाठी." "समद्यांसाठी म्हंजी हौसासाठी बी?" "हो." "मंग पुन्यांदा वाचा."

प्रार्थनासभेत तिची पाळी आली की आम्ही जरा सरसावून बसत असू. ती देवाला आळवत नसे, त्याच्याशी भांडत असे. जमिनीवर तळहात आपटून म्हणायची, "बापा, तू बोललास. मी न्हाई बोलले, तू बोललास. आता कर." आमचे पाळकबाबा वृद्ध होते, ऐकायला कमी येई. एकदा तेही वैतागून म्हणाले, "हन्नाबाई, हळू. देव बहिरा नाही."

"ठावं हाय बाबा," ती म्हणाली. "पर तुमाला बी आमेन म्हनायचं हाय न्हवं?"

बाबाच सगळ्यांत मोठ्यानं हसले.

तिचं खोपट कागद्यांच्या वस्तीच्या कडेला होतं. जुन्नरचा हातकागद तेव्हा मरणपंथाला लागला होता, तरी एकदोन घरं अजून ताग आणि जुन्या गोणी कुजवून लगदा करीत. शेजारच्या करीमचाचांचा हौद तिच्या दारातून दिसे. चाचा चिडवायचे, "बाई, तेरा गेनू उठेगा म्हणतेस, कधी उठेगा? त्येचं हाड तरी ऱ्हायलंय का?"

ती हौदाकडं बोट दाखवी. "चाचा, फाटक्या गोन्या सडवून तुमी पांढरासफेत कागूद काढता. तुमास्नी जमतं, आन माझ्या देवाला गेनू जमायचा न्हाई व्हय?"

चाचा दाढीत हसत. "लाजवाब! पर मेरा कागद अब बिकता नहीं, बाई."

"माझा गेनू बी इकाया न्हाई."

त्या खोपटात भांडी थोडी, पण घासून लखलखीत. घासली की भिंतीलगत फळीवर ओळीनं पालथी घाली. त्या ओळीत गेनूचा पितळी पेला असे. त्यातून कुणी पीत नव्हतं, तरी रोज राखेनं घासला जाई आणि रोज पालथा पडे. मी एकदा विचारलं, वापरत नाही तर घासता कशाला? म्हणाली, "मोडीत घालायचं भांडं उताणं पडतं, मास्तर, त्यात धूळ बसती. लागनार असलेलं भांडं पालथं घालत्यात. गेनूला लागंल."

हे सगळं मी बाहेर उभा राहून पाहिलं. तिच्या घरात मी कधी पाणी प्यालो नाही.

हे आधीच सांगायला हवं होतं. मी बोरी बुद्रुकचा, मराठ्याचा मुलगा. घरची जमीन होती, बैल होते, वडील लवकर गेले म्हणून चुलत्यांचा धाक होता. शिकायला जुन्नरला आलो, मिशनच्या शाळेत वाढलो, पुढं तिथंच मास्तर झालो आणि विशीत बाप्तिस्मा घेतला. कुणी फसवलं नाही, आमिष दाखवलं नाही. एका संध्याकाळी ख्रिस्ताच्या वधस्तंभाचा वृत्तांत वाचताना मला असं वाटलं की, या माणसाच्या मरणात माझा हात आहे आणि तरी तो माझ्याकडं प्रेमानंच बघतो आहे. ते खरं होतं. आजही खरं आहे. पण बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावरून ओघळलं, ते घशात उतरायचं राहून गेलं.

मंडळीत जातपात नाही, असं आम्ही शिकवत असू. बसायच्या जागा तेवढ्या ठरलेल्या होत्या. मी, एक माळ्याचं कुटुंब आणि आणखी एक मराठा गृहस्थ पुढच्या सतरंजीवर. बाकीचे मागं. असं बसा म्हणून कुणी कधी सांगितलं नव्हतं. प्रभुभोजनाचा प्याला एकच, चांदीचं पाणी दिलेला. मनुका भिजवून, कुस्करून, गाळून काढलेला रस त्यात असे. प्याला पुढून मागं जाई. म्हणजे आम्ही आधी पीत असू आणि मग ते. आमचं उष्टं त्यांनी प्यावं याचं कुणाला काही वाटत नव्हतं, आणि त्यांचं उष्टं आमच्यापर्यंत येत नव्हतं. एका प्याल्यात सहभागी होणं किती धन्य आहे, यावर मी भाषणही केलं होतं.

हन्नाबाईच्या दारात गेलो की ती म्हणायची, "मास्तर, पानी?" मी म्हणे, "आत्ताच पिऊन निघालो." भर उन्हात शिवनेरीच्या पायथ्याकडून चालत आलो, ओठ सुकलेत, तरी आत्ताच पिऊन निघालो. ती माझ्याकडं जरा बघे आणि हसून म्हणे, "आमचं मास्तर उंटावानी हाईत बया. एकदा प्यालं का म्हैनाभर बघाया नगं!"

मीही हसायचो. तिला कळलेलं नाही, असं मी स्वतःला सांगत होतो.

मी बाटलो हे कळल्यावर बोरीला माझ्या नावानं दहावा घातला गेला. आईच्या अंगावर उतरवण्यासारखं काही उरलं नव्हतं, ती आधीच विधवा होती, पण तिनं माझ्या नावानं आंघोळ केली आणि 'मला ल्योक न्हाई' असं भरल्या अंगणात म्हणाली. मी एकुलता एक. या गोष्टीचं दुःख मी कुणाला दाखवत नसे. हन्नाबाईला ते न दाखवता दिसलं. एके दिवशी वचनं वाचून झाल्यावर ती उठली आणि म्हणाली, "मास्तर, तुमची आय येनार."

"कशावरून?"

"त्यो म्हनलाय, माज्यासाठी ज्यानं आय सोडली त्येला मी परत दीन. तुमीच वाचून दावलंय."

"ते तसं नाही हन्नाबाई, त्याचा अर्थ..."

"अर्थ तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. मी मागनार."

नुसतं मागून ती थांबली नाही. नारायणगावच्या बाजाराला निघालेल्या एका गाडीमागून चालत ती पुढं बोरीला गेली. आमच्या घराच्या कुडाबाहेर, गावाच्या नजरेत जिथं तिनं उभं राहायचं तिथं, उभी राहिली आणि हाक मारली. ही हकिकत तिनंच मला नंतर सांगितली, दोघींचे आवाज काढून.

आई दारात आली. कोण, कुठली कळल्यावर म्हणाली, "माझा ल्योक मेलाय. म्या त्येचा दहावा घातलाय."

"मेल्याचंच बोलाया आली मी," हन्नाबाई म्हणाली. "आमच्यात मेलेली उटत्यात."

आईनं दार लावून घेतलं. हन्नाबाई कुडाच्या सावलीला बसून राहिली. उन्हं कलल्यावर दार किलकिलं झालं आणि आतून आवाज आला, "खोकला हाय का आजून त्येला?"

पुढं वर्षभर ती सवड मिळाली की जात राहिली. आई ओट्यावर, ही कुडाबाहेर. शेजारणींना ऐकू जाऊ नये म्हणून आई जोंधळे पाखडत बोले. मी काय खातो, कपडे कोण धुतं, थंडीत कान बांधतो की नाही. दर खेपेला आई हुलग्याच्या पिठाची पुरचुंडी जमिनीवर ठेवून मागं सरे आणि हन्नाबाई ती उचलून मला आणून देई. मी शेंगोळी करून एकटा खाई. आईच्या जात्यावरचं पीठ आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी, मीठ वेगळं लागत नसे. त्या पिठाला हन्नाबाईचा हात लागलेला होता, पण कोरड्याला विटाळ नाही, ही बोरीची शिकवण माझ्या कामी येत होती.

एकदा परत येऊन ती नेहमीसारखी आवाज काढून बोलली नाही. सरळ म्हणाली, "मास्तर, तुमची आय येतीया. येत्या प्रभुभोजनाला."

मी उठूनच उभा राहिलो.

झालं होतं असं. आईनं विचारलं होतं, "त्येला तितं हाय कोन? आजारला तर पानी कोन देतं?" हन्नाबाई म्हणाली होती, "मी देते की. आमी एका प्याल्यानं पितो, मावशी." आईनं पाखडायचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तू प्यालीस त्यातनं माझा शिरपा पितो?" "पितो." "माझ्या डोळ्याम्होरं पील?" "ये आन बघ."

मी हन्नाबाईला तेव्हाच सांगू शकत होतो. पुढं बसणारे आधी पितात, तुम्हाला ठाऊक आहे, असं म्हणू शकत होतो. मी म्हणालो, "बरं केलंत."

तो रविवार थंडीतला. आई चुलत्यांना बाजाराचं सांगून नारायणगावपर्यंत आली होती आणि तिथून दुसऱ्या गाडीनं जुन्नरला. मंडळीच्या देवळात ती आली नाही. दाराबाहेर ओसरीवर, खांबाला हात धरून उभी राहिली. डोक्यावरून पदर, हिरवट लुगडं, पायांवर धूळ. इतक्या वर्षांनी बघत होतो. ती वाळली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी अजून जिवंत आहे याची जणू खात्री करून घेतली.

उपासना सुरू झाली आणि हन्नाबाई मागच्या बाजूनं उठून सरळ पुढच्या सतरंजीवर आली. माझ्या शेजारी, पाळकबाबांच्या बाजूला बसली. माळ्याच्या बायकोनं पाय आवरून घेतले. कुणी काही बोललं नाही. बोलणार काय? जागा ठरलेल्या नाहीत, असंच तर आम्ही म्हणत होतो.

बाबांचे हात कापत, म्हणून ते प्याला पहिल्याला देत आणि तो हातोहात पुढं जाई. त्या दिवशी पहिली हन्नाबाई होती. तिनं दोन्ही हातांत प्याला घेतला, डोळे मिटले, घोट घेतला. मग वळून तो माझ्यापुढं धरला. तिचा चेहरा असा होता की, जणू घरात लग्न आहे आणि पहिलं ताट माझ्यापुढं मांडते आहे.

मी प्याला घेतला. कडेवर तिच्या ओठांची ओल होती. मी प्याला वर नेला, ओठ घट्ट मिटले, प्याला कलता केला, खाली घेतला आणि पुढं दिला.

माझ्या जिभेला थेंब लागला नाही.

हन्नाबाई माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. माझ्या गळ्याकडं बघत होती. माणूस घोट गिळतो तेव्हा गळा हलतो. माझा हलला नाही. मी नजर काढून दाराकडं नेली, तर आईही तिथंच बघत होती.

पुढं बरीच वर्षं मी मनाशी म्हणत आलो की ते आईसाठी केलं. मला महारणीचं उष्टं पिताना बघून ती कायमची तुटेल, या भीतीनं केलं. हे खोटं आहे. आई तिथं नसती तरी मी प्यालो नसतो. त्यांचं उष्टं मी कधीच प्यालो नव्हतो, फक्त तसा प्रसंग मी येऊ दिला नव्हता. ख्रिस्तासाठी मी घर सोडलं, शेत सोडलं, आई सोडली, आणि बोरीचा एक घोट तेवढा तोंडात धरून ठेवला.

उपासना सुटल्यावर आई अंगणातल्या चिंचेखाली उभी होती. मी पाया पडायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले नाहीत, पण हातही ठेवला नाही.

"शिरपा, प्यालास का?"

"प्यालो, आई."

"मी पाजलंय तुला," ती म्हणाली. "पोरगं वडतंय का नुसतं त्वांड लावून बसलंय, ह्ये मला कळत न्हाई व्हय?"

हन्नाबाई पुढं झाली. "मावशी, थंडी लई हाय. त्येचा घसा धरलाय कालपास्नं. गिळवत न्हाई." मी तिला एवढंच एक खोटं बोलताना ऐकलं आहे. तेही माझ्यासाठी होतं.

"तू गप बाय," आई तिला म्हणाली, पण रागानं नाही. मग माझ्याकडं वळली. "हिनं सांगितलं, आमी एका प्याल्यानं पितो. म्या रातभर इचार केला. म्हनलं, आसंल. माझा ल्योक त्येच्यापायी गेला आसंल तर कायतरी मोठंच आसंल. आपल्याला उमगत न्हाई, पर डोळ्यानं बघू तरी. आन तू हितं बी आपलाच हाईस की रं! हिला शिवत न्हाईस, हिचं पीत न्हाईस. मंग माझं घर कशापायी मोडलंस? मला जितेपनी कशापायी मारलंस?"

तिनं कमरेला खोचलेली पिठाची पुरचुंडी काढली. या खेपेला ती जमिनीवर ठेवली नाही. हन्नाबाईच्या हातात दिली. हाताला हात लागला. दोघींनीही तिकडं पाहिलं आणि आई तशीच वळून गाडीकडं गेली.

ती पुन्हा आली नाही. हन्नाबाई पुन्हा एकदा बोरीला गेली, तर दार उघडलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात आई वारली. ते मला बाजारात एका ओळखीच्या माणसाकडून कळलं, मातीला जायची वेळ निघून गेल्यावर. गेलो असतो तरी कुणी जवळ येऊ दिलं नसतं. त्यांच्या लेखी मी तिच्या आधी मेलो होतो.

त्याच प्रभुभोजनाच्या रविवारी संध्याकाळी हन्नाबाई ओट्याच्या पायरीवर आली. मला वाटलं, आता ही बोलणार. मी वाटच बघत होतो, कुणीतरी तोंडावर बोलावं म्हणून. ती म्हणाली, "मास्तर, त्यानं त्येचा शबूद पाळला. आय आनून उभी केली." एवढंच. मग म्हणाली, "वाचा."

मी वाचलं. काय वाचलं ते आठवत नाही.

त्यानंतरही तिच्या दारात गेलो की ती विचारी, "मास्तर, पानी?" मी म्हणे, "आत्ताच प्यालो." ती मान हलवी. पण उंटाची थट्टा तिनं पुन्हा केली नाही. मला एरवी कुणाच्या शिव्या इतक्या लागल्या नसत्या.

पाळकबाबांना मी खरं सांगितलं नाही. मंडळीत मी पुढंच बसत राहिलो. हन्नाबाई पुन्हा मागं जाऊन बसली, कुणी न सांगता. प्याला पुन्हा पुढून मागं जाऊ लागला आणि मी गळा हलवून पिऊ लागलो.

त्यानंतर दोनतीन वर्षांनी जुन्नरात प्लेगनं जोर धरला. उंदीर पडू लागले तशी माणसं गाव सोडून कुकडीच्या काठानं शेतांत झोपड्या घालून राहिली. शाळा बंद झाली. मीही एका मळ्यात झोपडी घातली आणि जिवाच्या भीतीनं तिथंच बसून राहिलो. हन्नाबाई मात्र झोपड्या-झोपड्यांतून फिरत होती. ज्यांच्याजवळ घरची माणसं जायला धजत नव्हती त्यांना पाणी पाजत होती. मराठ्यांना, माळ्यांना, कागद्यांना. त्या दिवसांत तिच्या हातचं पाणी सगळ्यांना चाललं. करीमचाचांचे डोळे तिनंच मिटले, असं मागून ऐकलं.

मग ती पडली. निरोप आला तेव्हा मी गेलो. उशिरा गेलो, पण गेलो.

दुपारची वेळ होती. कडब्याच्या झोपडीत गोणपाटावर ती पडली होती. ताप फणफणत होता, काखेत गाठ होती, डोळे लाल. पण मला बघून हसली. उशाशी मडकं आणि गेनूचा पितळी पेला, पालथा. गावातून निघताना तिनं बाकी काही बरोबर घेतलेलं दिसत नव्हतं.

"मास्तर, वाचा कायतरी. देनार म्हनलाय त्यातलं."

पुस्तक बरोबर नव्हतं. जे पाठ होतं ते म्हटलं. मध्येच गाडी अडली की ती पुढचे शब्द पुरवी. मग म्हणाली, "पानी."

मी पेला उचलला, मडक्यातून भरला, तिच्या मानेखाली हात घालून ओठांना लावला. ती थोडं प्याली. अर्धा पेला माझ्या हातात राहिला. कडेवर तिच्या ओठांची ओल होती, तशीच, त्या रविवारसारखी.

"मी पितो," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला कळलं. तिला सगळं पहिल्यापासून कळत आलं होतं. मग तापानं चिरलेल्या त्या ओठांवर हसू आलं.

"आत्ता व्हय रं उंटाला तहान लागली!"

मी लहान मुलासारखा रडायला लागलो. पेला तोंडाकडं नेला, तर तिनं हात वर करून माझं मनगट धरलं. एवढं बळ कुठून आलं कोण जाणे.

"नको. माझा ताप वंगाळ हाय. हितं न्हाई प्यायचं."

"हन्नाबाई, मला पिऊ द्या. त्या दिवशी मी..."

"त्या दिवसाचं त्यो बघंल. तूच वाचलं व्हतंस न्हवं? शेवटच्या जेवनाला त्यो म्हनला, ह्ये आता पिनार न्हाई, बापाच्या घरी नवं पिनार, तुमच्यासंगं. तुमच्यासंगं म्हनलाय. त्यात मी हाय, गेनू हाय, तुझी आय..." ती दम घ्यायला थांबली. "तुझी आय बी त्येच्यावर सोडली म्या. तितं पिऊ. तू ये म्हंजी झालं."

"माझ्यासारख्याला तिथं कोण घेईल?"

"तू कोन ठरवनार, ल्येका?" ती जवळजवळ रागावलीच. "बोललाय कोन? तू का त्यो?"

तिनं माझ्या हातातून पेला काढून घेतला. मी दिला. आणि आज, इतक्या वर्षांनी, हेही लिहून टाकतो. तिनं तो घेतला नसता तर मी खरंच प्यालो असतो का, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तिनं धरलेलं मनगट सुटलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण त्याच्या आतल्या बाजूला कुठंतरी सुटकाही वाटली. अशा माणसासाठी ती मरतानाही जागा धरत होती. माझ्यावरचा माझा भरवसा त्याच दुपारी संपला. जो काही आधार आता उरला आहे तो तिनं विचारलेल्या त्या प्रश्नाचा आहे, बोललाय कोन, तू का त्यो?

बाहेरून कुणीतरी हाक मारली की, आता निघा मास्तर, फार वेळ थांबू नका. मी उठलो. दाराशी वाकून बाहेर पडताना मागं वळून पाहिलं.

ती कुशीवर झाली होती. पेल्यात उरलेलं पाणी तिनं हळूच जमिनीवर ओतलं. मग पदराच्या शेवानं पेला आतून पुसला, कडेवरून बोट फिरवून नीट पुसला, आणि हात पुरेल तेवढा लांब नेऊन, मी बसलो होतो त्या बाजूला, तो पालथा घातला.